शून्य कार्याचे उदाहरण

पदार्थविज्ञानाच्या तासाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. डोक्यावर घागर घेऊन सपाट वाटेने एकसारख्या गतीने चालणारी स्त्री गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य करते? उत्तर ‘शून्य’ येते आणि वर्गात हशा पिकतो. उत्तर बरोबर आहे. हसणे मात्र चूक आहे, असे माझे नम्र मत आहे.

प्रथम विहिरीवर जाऊ. १० किलोग्रॅम पाणी १० मीटर खोलीवरून वर ओढावयाचे, तर १० × ९.८ × १० म्हणजे ९८० ज्यूल कार्य करावे लागते. घागर व दोर यांचे वजन आणि रहाटाचे घर्षण यात धरलेले नाही. हे पाणी सुनेने २० सेकंदांत ओढले तर तिची शक्ती ४९ वॅट. वृद्ध सासूबाईंनी ४० सेकंदांत ओढले तर २४.५ वॅट. शक्ती निम्मी झाली, परंतु कार्यात एका ज्यूलचीही तूट आली नाही. घागर दोघींचीही भरलीच. कार्य व शक्ती यांतील भेद पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा या हिशेबाने लवकर पटतो.

आता घागर डोक्यावर घेऊन ती घराकडे निघाली. घागरीला तोलणारे बल उभे, विस्थापन आडवे. दोहोंत काटकोन, म्हणून त्या बलाचे कार्य शून्य. परंतु तिच्या मानेचे व पाठीचे स्नायू सारा वेळ ताण धरून असतात. त्यासाठी अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होते व तिची उष्णता होते. तो खर्च प्रश्नात विचारलेलाच नसतो. शून्य हे घागरीला मिळालेल्या ऊर्जेचे माप आहे, त्या माउलीच्या श्रमांचे नव्हे.

त्या श्रमांचे मोल दुसऱ्या रीतीनेही कळते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. वरील हिशेबाने तेवढ्यात सुमारे ३,६७३ घागरी पाणी वर येईल! रिकाम्या खोलीत दिवा जळत ठेवणाऱ्याने हा आकडा अवश्य आठवावा.

म्हणून सूत्रात आकडे घालण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे: बल कोणते, ते कोणावर, आणि विस्थापन कोणत्या दिशेस? गुरुजनांनीही उत्तराखाली त्याचा अर्थ एका वाक्यात लिहावयास सांगावा व त्यास एक गुण राखून ठेवावा. मग ‘शून्य’ लिहिताना कोणी हसणार नाही.