हळदीचे भाट

वाशीच्या मसाला मार्केटात सांगलीची हळद उतरते, तेव्हा सारी गल्ली पिवळी होते. त्या हळदीशी माझे वैर नाही. फोडणीपासून हळदीकुंकवापर्यंत आमच्या घरी तिच्यावाचून पान हलत नाही. माझे भांडण आहे ते तिच्या नव्या भाटांशी.

नेरूळच्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका गृहस्थांना जेवता जेवता झटका आला. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. घरच्यांनी काय करावे? कोमट दुधात हळद नि ब्राह्मी कालवून चमच्याचमच्याने पाजली! ‘हळद मेंदूला वाचवते’ असे कुणीसे मोबाइलवर धाडले होते. मी कळवळून बोललो, तर वहिनी म्हणाल्या, “अहो भाऊजी, वनस्पतीच ती, अपाय कसला?” (धोतराही वनस्पतीच, हे तेव्हा मला सुचले नाही.) गाडी निघाली ती तासाभराने. गृहस्थ वाचले, वाचा मात्र गेली. ती दुधाने गेली असे मी म्हणत नाही. पण अशा वेळी गिळण्याची शक्ती गेलेली असते, दूध श्वासनलिकेत उतरते. आणि झटका गुठळीचा की रक्तवाहिनी फुटल्याचा, हे सीटी स्कॅनवाचून धन्वंतरीलाही सांगता यायचे नाही. त्यांची रक्तवाहिनी फुटली होती.

मग हळदीची कीर्ती खोटी काय? मुळीच नाही, आणि घोटाळा नेमका इथेच आहे. मेंदूत सांडलेले रक्त कुजू लागले की त्यातले लोह सुटते, भोवतालच्या पेशींना जाळते, सूज चढते. हळदीतल्या कर्क्युमिनने ही सूज उतरते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. पण उंदराचा रक्तस्राव प्रयोगकर्त्यानेच घडवलेला. त्याला घटका ठाऊक, मात्रा ठाऊक, आणि औषध बहुधा सुईने दिलेले. तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचते. आतडी नि यकृत त्याची वाटेतच विल्हेवाट लावतात. हे अर्धे सत्य डब्यावर छापून विकणाऱ्यांना मी लबाड म्हणतो. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

चिनी वैद्यांकडे पाहा. जिनसेंग, रेवंदचिनी इत्यादिकांचा त्यांचा एक काढा मेंदूतील रक्तस्रावावर दिला जातो. त्यांनी २६ रुग्णालयांतले सोळाशेहून अधिक रोगी घेतले. निम्म्यांना काढा, निम्म्यांना तसाच दिसणारा पोकळ काढा. ९० दिवसांनी पाहिले, तो दोघांत फरक नाही! आणि हे त्यांनी २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये चारचौघांत छापले. आमच्या काढेवाल्यांपैकी कितीजणांची ही छाती आहे?

ती छाती आपल्याकडे कधी नव्हतीच असे मात्र नव्हे. खाडीपलीकडच्या मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची मुळी रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन, मोजून, १९४९ साली ब्रिटिश हृदयरोगपत्रिकेत निष्कर्ष मांडले. साऱ्या जगाचे लक्ष त्या मुळीकडे वळले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे तिचे दोषही मोजले गेले, मन खचते म्हणून तक्रारी आल्या, सरस औषधे निघाली आणि ती मागे पडली. वनस्पतीचा खरा मान हाच की तिला परीक्षेला बसवावे. नापास झाली तर तसे सांगावे. आणि नाक मुरडून ‘झाडपाला’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी हेही ध्यानी घ्यावे की मेंदूतला रक्तस्राव बहुतेक वेळा चढलेल्या रक्तदाबानेच होतो. म्हणजे या मुळीने कित्येकांचे मेंदू राखले असतील. फक्त रक्तवाहिनी फुटण्याच्या आधी!

आमचे शेजारी परवा लिफ्टमध्ये भेटले. डाव्या हाताने नमस्कार केला. वहिनींनी हळदीचे दूध चालू ठेवले आहे. आता गिळता येते, तेव्हा खुशाल प्यावे. बोलता बोलता त्यांनीच सांगितले, की झटक्याच्या तीन महिने आधी कुठलासा ‘नैसर्गिक’ काढा सुरू केला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद केली होती.