पुणे–नागपूर : तासांचा हिशेब

पुणे व नागपूर या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 600 किलोमीटर असून विमान ते सव्वा तासात कापते. हा आकडा खोटा नाही. मात्र तो विमानाचा आहे, प्रवाशाचा नव्हे. कोथरूडहून लोहगाव गाठावयास दीड तास, उड्डाणापूर्वी दोन तास हजर राहण्याचा दंडक आणि सोनेगावला उतरून घरी पोहोचेपर्यंत आणखी एक तास, असे सारे जमेस धरले तर सव्वा तासाचे पावणेसहा तास होतात. त्यातून लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. ऑक्टोबर 2021 मध्ये ती दुरुस्तीसाठी चौदा दिवस बंद राहिली, तेव्हा पुण्याहून विमानाने जाणे हेच मुळी थांबले होते.

रेल्वे दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ असा वळसा घेते आणि 600 चे सुमारे 880 किलोमीटर होतात. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडी हे अंतर 12 तासांत कापते. म्हणजे सरासरी वेग ताशी 73 किलोमीटर. घर ते स्थानक हा वेळ धरला तरी विमानाने सात-आठ तास वाचतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वाचणारे तास कोणाचे, आणि त्यांचे मोल कोणी ठरवावयाचे?

वेळेच्या मोलाच्या विचाराला गॅरी बेकर यांच्या 1965 मधील निबंधाने शास्त्रीय बैठक दिली. त्या वेळात जी कमाई बुडते, ती त्या वेळेची किंमत. हे सूत्र शब्दशः लावले की कंपनीतील अधिकाऱ्याचा तास महाग ठरतो आणि तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकाचा स्वस्त. मग अधिकाऱ्याचा वेळ वाचविणारी योजना कागदावर आपोआप किफायतशीर दिसू लागते. वस्तुतः एक दिवस प्रवासात गेला तर त्या अध्यापकाच्या हाती त्या दिवसाचे काहीच पडत नाही. अधिकाऱ्याचा पगार चालूच राहतो! ब्रिटनच्या वाहतूक खात्याने ही अडचण ओळखून कामाव्यतिरिक्तच्या प्रवासासाठी, उत्पन्न कितीही असो, एकच सरासरी मूल्य धरण्याची प्रथा पाडली. पैसा सार्वजनिक असेल तर ही प्रथा न्याय्य होय.

आपल्याकडे मात्र पुण्याच्या प्रवासाची चर्चा निघाली की ती पुरंदरच्या नियोजित विमानतळापाशी येऊन थांबते. त्यासाठी सात गावांच्या जमिनी जावयाच्या आहेत. तेथील शेतकऱ्यांचा विरोध हा केवळ मोबदल्याचा वाद समजणे चूक आहे. शिवाय विमान फक्त दोन टोके जोडते. शेगाव, अकोला, बडनेरा येथून पुण्यास शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याच्या गावावरून ते उडून जाते. नागपूरला उतरून त्याला पुन्हा मागे यावे लागते. वंदे भारत या तिन्ही ठिकाणी थांबते खरी, पण तिला साधा डबा नाही.

पुण्यावरून विदर्भात जाणारी कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस ही जुनी गाडी. वेग वाढवावयाचा तो आधी तिचा, आणि डबे वाढवावयाचे तेही साधे व शयनयानाचे. खासगी बसचे भाडे एस.टी.च्या दीडपटीहून अधिक असू नये, असा राज्य शासनाचा 2018 चा आदेश आहे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात विदर्भाकडे निघालेल्या विद्यार्थ्याने किती भाडे दिले, हे परिवहन खात्याने त्यालाच विचारावे.