उसनी पण गुणकारी

संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी मुळात कर्करोगाची. (रोज घेणं घातक, हे पुन्हा सांगितलेलं बरं.) आता तिकडूनच नवा उपचार येतोय. जर्मनीत एर्लांगेनला गेओर्ग शेट यांच्या चमूने रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रतिकारशक्तीतल्या बी-पेशींवर तुटून पडतील अशा घडवून परत सोडल्या. २०२४च्या अहवालात ल्युपसचे (यातही प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते) आठही रुग्ण ती दाबणारी औषधं थांबवूनही बरे राहिले! इतर आजारांचे धरूनही एकूण रुग्ण पंधराच, तेव्हा हुरळायला नको. पण रक्ताच्या कर्करोगावर अशा पेशी पवईच्या आयआयटीने आणि टाटा स्मारक रुग्णालयाने घडवल्या, २०२३मध्ये परवानगीही मिळवली. ल्युपसच्या रुग्णांनी मुंबईकडे आशेने पाहिलं तर वावगं नाही. खर्च मात्र अजूनही लाखांत आहे.