यांत्रिक रेखाटनास साधन कोणतें?

शालान्त परीक्षेनंतर मुलास तंत्रनिकेतनांत घालूं इच्छिणारे एक पालक गेल्या सुट्टींत प्रस्तुत लेखकाकडे आले. घरचा संगणक जुना, लिनक्सवर चालणारा. यंत्रभागांचे आराखडे काढावयाचे तर लिनक्स टाकून ऑटोकॅडच घेतलें पाहिजे, आणि मोल परवडत नसेल तर चोरीची प्रत मिळते, असें त्यांस कोणीं सांगितलें होतें. "सर्वच करितात, सर," असें म्हणतांना त्यांनीं नजर मात्र खालीं वळविली.

वडिलांच्या देखत चोरलेल्या साधनावर मुलानें पहिली रेघ ओढावी, हें त्यांसहि रुचत नव्हतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्या चोरीचें कारणच नाहीं. विद्यार्थ्यांस ऑटोकॅडचा विनामूल्य परवाना मिळतो हें खरें. परंतु तें लिनक्सवर थेट बसत नाहीं, आणि शिक्षण संपलें कीं तो परवानाहि संपतो.

सपाट आराखड्यांकरितां लिब्रेकॅड घ्यावें. तें हलकें असून जुन्या संगणकावरहि सुखानें चालतें. घन आकृतीकरितां फ्रीकॅड. २००२ पासून वाढत आलेल्या या साधनांत एक मोठी खोड होती: आरंभींचें एखादें माप बदललें कीं पृष्ठभागांचीं आंतील नांवें बदलत, आणि त्यांवर बेतलेलीं भोकें भलतीकडे जात. नोव्हेंबर २०२४ मध्यें निघालेल्या १.० आवृत्तींत ती बरीचशी गेली आहे. म्हणून तिच्यापूर्वीची आवृत्ति लिनक्ससोबत आयती मिळाली तरी घेऊं नये. ज्यास बीजगणिताची गोडी आहे त्यानें ओपनएसकॅड पाहावें. तेथें आकृति ओढावयाची नसून लिहावयाची असते!

"कारखान्यांत ऑटोकॅडच विचारतात," हा आक्षेप निराधार नव्हे. लिब्रेकॅडमधून डीडब्ल्यूजी फाईल लिहितां येत नाहीं, आणि ज्यास रोज अशाच फाईली पाठवावयाच्या त्यानें रीतसर मोल द्यावें. इतरांस डीएक्सएफ किंवा स्टेप पुरेल. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें पोलादी सांध्यांच्या रचनेकरितां झालेलें ऑस्डॅग मुक्त असून लिनक्सवर चालतें, आणि त्यांतील घन आकृति फ्रीकॅडच्याच भूमितीय गाभ्यावर, ओपनकॅस्केडवर, उभी राहते. तेव्हां हें मुलांचें खेळणें नव्हे.

खरी अडचण निराळीच आहे, ती प्रक्षेपाची. आपल्याकडे प्रथम कोनाची पद्धति: वरून दिसणारें दृश्य समोरील दृश्याच्या खालीं मांडावयाचें, डावीकडून दिसणारें उजवीकडे. अमेरिकेंत तृतीय कोन, म्हणून सर्व उलट. मिरकरवाड्याच्या एखाद्या नौकेवरील कप्पीचा आधार काढतांना येथें घोटाळा झाला, तर कारागीर भलत्या बाजूस भोक पाडील, आणि महागांतलें महाग सॉफ्टवेअरहि त्याचा हात धरणार नाहीं.

त्या मुलानें तसाच एक आधार फ्रीकॅडमध्यें काढून जून महिन्यांत आम्हांस दाखविला. मापें सर्व बरोबर होतीं. डावीकडील दृश्य मात्र डावीकडेच मांडलें होतें. सध्यां तो तें पुन्हां मांडीत आहे.