विषय बदलला म्हणजे मुलगी बिघडली का?



गेल्या रविवारी आमच्याकडे पंधरा माणसं जेवायला होती. चातुर्मास सुरू आहे, त्यामुळे सूर्यास्ताआधी पानं उरकायची घाई, आणि त्या घाईतही पंधराच्या पंधरा जणांना एका मुलीबद्दल मत द्यायला वेळ मिळाला. मुलगी माझ्या पुतण्याची. यंदा यवतमाळला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला लागली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित असा गट घेतला. तिने नाही, तिच्या बापाने घेतला. कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि ती म्हणाली, मला गट बदलायचा आहे, रसायनशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र पाहिजे.

झालं. "आताच अशी धरसोड, तर सासरी काय दिवे लावणार?" इति एक मावशी. "एकदा घेतलं ते घेतलं," इति आमचे धाकटे दीर. "लोक म्हणतील गणित झेपलं नाही," ही बापाची काळजी. पोरगी मान खाली घालून वरणभात कालवत बसली. तुला का बदलायचंय, एवढं मात्र पंधरातल्या एकानेही विचारलं नाही. त्या पंधरात मीही होते.

भांडी आवरताना मी विचारलं. ती म्हणाली, "आजी, बारावीत मला जीवशास्त्रातच रस होता. गणित मी क्लासच्या जोरावर काढलं. पण बाबा म्हणाले, जीवशास्त्र म्हणजे बेडूक कापणं, आपल्या घरात चालायचं नाही."

हे ऐकलं आणि माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. कारण हेच वाक्य २००३ साली मी माझ्या मुलीला म्हटलं होतं. तिलाही प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र हवं होतं. तिनेही पहिल्याच महिन्यात विषय बदलू का म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, जीवहिंसा करून मिळवलेली पदवी आपल्याला नको. तिने तीन वर्षं नको असलेला गट ओढला, शेवटच्या वर्षाचा एक पेपर दोनदा दिला, आणि पुढे शिकण्याचं नाव काढलं नाही. आज तिच्या गच्चीवर साठ-सत्तर कुंड्या आहेत आणि प्रत्येकीवर शास्त्रीय नावाची चिठ्ठी आहे. पाहुणे कौतुक करतात. मला ते पाहून कधीही बरं वाटत नाही.

पण माझ्या भीतीला त्या वेळी निदान आधार होता. तेव्हा कॉलेजात विच्छेदन होतंच. पुतण्याच्या भीतीला तेवढाही आधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ते बंदच केलं. इतकी वर्षं झाली या गोष्टीला! जी गोष्ट आपल्या समाजाने पेढे वाटून साजरी करायची, ती आपल्याला ठाऊकच नाही, आणि आपण अजून मुलींना बेडकाची भीती घालतो आहोत.

आणखी एक. स्थानकात वनस्पतिकायाचा विषय निघाला की आपण सगळे जगदीशचंद्र बोसांचं नाव अभिमानाने घेतो. झाडाला संवेदना असते हे बघा विज्ञानानेही सांगितलं म्हणून. हे बोस लंडनला गेले ते डॉक्टरी शिकायला. तब्येत साथ देईना म्हणून ती सोडून केंब्रिजला गेले आणि निसर्गविज्ञान शिकले. मग भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढे वनस्पतींकडे वळले. त्यांच्या घरच्यांनी "एकदा घेतलं ते घेतलं" म्हटलं असतं, तर आपण स्थानकात कुणाचं नाव घेतलं असतं? बोस चालतात, पण घरातल्या मुलीला वनस्पतिशास्त्र चालत नाही. (ही पोरगी परवा मला सांगत होती की बटाटा हे मूळ नसून खोड आहे. मी म्हटलं, असेल, पण जमिनीखालचंच ना, आपल्या घरी येणार नाही. दोघी हसलो.)

आता लोकांचं दुसरं म्हणणं, नुकसान होईल. मी बी.कॉम. आहे. आमच्या वेळी यवतमाळची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती, अमरावतीचं विद्यापीठ १९८३ मध्ये झालं. विज्ञान मला फार कळत नाही, हिशेब कळतो. एका सेमिस्टरला साधारण ९० दिवस शिकवणं असतं. तीन आठवड्यांचे १८ दिवस गेले, म्हणजे पाचवा हिस्सा. त्यातही रसायनशास्त्र दोन्ही गटांत आहे, ते वाया गेलं नाही. राहिले दोन विषय. वह्या मैत्रिणीच्या घेऊन आणि प्रॅक्टिकलची जर्नलं दोन रविवार बसून भरून निघतील. हे नुकसान धरा, आणि माझ्या मुलीचं तीन वर्षांचं धरा. कुठलं मोठं?

पुस्तपालनात चूक सापडली तर कुणी खतावणी फाडत नाही, दुरुस्तीची नोंद करतात. तेरीज काढायच्या आधी सापडली तर दोन ओळींत काम होतं. ताळेबंद झाल्यावर सापडली की निस्तरता निस्तरता पुढचं वर्ष जातं. दुकानात हे ज्यांना पाठ आहे, तेच घरात म्हणतात, चूक झाली तरी चालू द्या.

आणि धरसोड म्हणणाऱ्या मावशींना मी विचारते, तुम्ही संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसता ना? प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणं. रोजचं वेगळं, पक्खी वेगळं, चौमासी वेगळं, संवत्सरीचं वेगळं. संवत्सरीला एकदाच सगळं उरकता आलं असतं, मग रोज कशाला? चूक साठू नये म्हणून. तीन आठवड्यांत जी मुलगी म्हणते मी चुकीच्या वाटेला लागले, ती तुमच्या-माझ्यापेक्षा बरं प्रतिक्रमण करते आहे.

सगळ्याच मुलांनी बदलावं असं मी म्हणत नाही. मैत्रीण दुसऱ्या वर्गात आहे म्हणून, एका चाचणीत गुण कमी पडले म्हणून, सर रागावले म्हणून विषय सोडायचा नसतो. विषय नकोसा आहे की शिकवणारा, हे मुलाला खोदून विचारा. मी या पोरीला विचारलं. गणिताचे सर चांगले आहेत म्हणाली.

कॉलेजवाल्यांनाही दोन शब्द. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर आणि मायनर आहे, क्रेडिट जमा करायची बँक आहे, एका वर्षाने प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, सगळं आहे. पण पोरगी कार्यालयात गेली तर खिडकीतून उत्तर मिळालं, "मुदत नोटीस बोर्डावर लावली होती, वाचायची ना." नोटीस होती, जिन्याखालच्या बोर्डावर, परीक्षेच्या जुन्या वेळापत्रकाच्या मागे. लवचीकपणा धोरणात छापून काय उपयोग? प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक मुलाच्या हातात चिठ्ठी द्या, अमुक तारखेपर्यंत गट बदलता येईल, अमुक जागा शिल्लक आहेत. एका कागदाचा खर्च आहे. परीक्षेचा अर्ज भरून विषय विद्यापीठात नोंदले गेले की मग सगळेच हात वर करतात.

शेवटी पुतण्याला. तू हे वाचतोस, मला माहीत आहे, कारण मागच्या वेळी लोणच्याच्या लेखातली चूक तूच दाखवलीस. बाळा, यंदा जूनमध्ये पेरलंस आणि पावसाने दडी मारली, तेव्हा तू काय केलंस? बियाणं गेलं, मजुरी गेली, दोन दिवस जेवला नाहीस, आणि मग दुबार पेरणी केलीस. लोक काय म्हणतील म्हणून करपलेलं वावर तसंच ठेवलं नाहीस. आणि ऑगस्टपर्यंत थांबलाही नाहीस, कारण उशिराची पेरणी कपाशीला मानवत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बदलाची मुदत मंगळवारपर्यंत आहे, दुसऱ्या गटात चार जागा शिल्लक आहेत, हे पोरीने पुन्हा जाऊन विचारून आणलं. अर्ज तिने भरून ठेवला आहे. पालकाची सही लागते, माझी चालत नाही असं कार्यालयात सांगितलं. सोमवारी अकराला खिडकी उघडते. सकाळच्या एस.टी.ने तिच्याबरोबर जा.