उन्हाळ्यातलं फुलपाखरू, झाडासकट

'फुलपाखरू' हा शब्द मी वर्गात समास शिकवताना कितीदा तरी फळ्यावर लिहिला असेल. फूल आणि पाखरू. मुलांना चटकन कळायचा, आवडायचाही. पण निवृत्तीनंतर मुलाने एक छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला आणि मी सकाळी हिंडायला लागलो, तेव्हापासून एक गोष्ट सतत जाणवते. हा शब्द गोड आहे, पण तो अर्धीच हकिकत सांगतो. रानातली कितीतरी फुलपाखरं फुलाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कुणी झाडाच्या सालीतून पाझरणारा रस पितं, कुणी खाली पडून सडलेल्या आंब्यावर बसतं, कुणी ओल्या चिखलावर, तर कुणी चक्क शेणावर! आणि आपण मात्र फुलं शोधत फिरतो, फुलं दिसली नाहीत की 'आता काही मिळायचं नाही' म्हणून घरी परततो.

आमच्या जालना जिल्ह्यात तर हे फारच होतं. एप्रिल-मे महिन्यात कॅमेरा घेऊन निघालो की भेटणारा हमखास म्हणतो, "सर, या उन्हात काय मिळतंय? आता पावसाळ्यानंतरच." त्याचंही बरोबरच आहे म्हणा. पारा चाळिशी ओलांडतो, गवत वाळून पांढरं पडतं, आणि जंगल म्हणावं तर जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे नाही. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा येतात, तिथे काय ती थोडीफार झाडी. भोकरदन तालुक्यात महानुभावांचं 'जाळीचा देव' हे प्रसिद्ध स्थान आहे. जाळी म्हणजे दाट झुडपांची गच्ची. म्हणजे नावातसुद्धा इथली झाडी टिकून आहे. बाकी जिल्हाभर रान म्हणजे शेताचा बांध, ओढ्याचा काठ, देवळामागची चार जुनी झाडं आणि गायरान.

पण माझं मत असं झालंय की आपल्याकडच्या रानातल्या फुलपाखरांचे फोटो काढायचे तर ते उन्हाळ्यातच काढले पाहिजेत. आणि काढायचे तर झाडासकट काढले पाहिजेत. ही दोन्ही मतं अनेकांना विचित्र वाटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट उन्हाळ्याची. कॉमन ईव्हनिंग ब्राऊन नावाचं एक तपकिरी फुलपाखरू आहे. अगदी साधं. पावसाळ्यात याच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. त्याच जातीची उन्हाळ्यातली पिढी पाहा, ठिपके जवळजवळ गायब आणि पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे! कुणाचा पंख पिवळट, कुणाचा विटकरी, कुणावर पानाच्या शिरेसारखी रेघ. सुरवंट वाढत असताना हवा किती उष्ण, किती दमट आहे यावरून पुढचा पोशाख ठरतो. कारणही मोठं शहाणपणाचं आहे. पावसाळ्यात हिरव्या रानात लपणं अवघड, तेव्हा पाखराची चोच डोक्याऐवजी त्या खोट्या डोळ्यांवर पडावी, पंखाचा तुकडा गेला तरी जीव वाचावा. उन्हाळ्यात पाचोळ्यात निमूट पडून राहायचं असतं, तिथे डोळे मिरवले तर फुकट मरण. पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा असे दोन फोटो शेजारी ठेवून मी मुलांना दाखवतो. सगळी मुलं ठामपणे सांगतात, ही दोन वेगळी फुलपाखरं आहेत.

म्हणजे जो फक्त सप्टेंबरमध्ये फिरला, त्याने हे फुलपाखरू अर्धंच पाहिलं की नाही?

उन्हाळ्यात आणखी एक घडतं, ते म्हणजे चैत्राची पालवी. पाऊस दोन महिने लांब असतो आणि तरी करंज कोवळ्या पानांनी चमकायला लागतो. बहावा पिवळ्या झुंबरांबरोबर नवी पानं काढतो. सुरवंटाला जून पान चालत नाही, त्याला कोवळं लागतं. त्यामुळे याच दिवसांत कॉमन एमिग्रंटच्या माद्या बहाव्याभोवती घिरट्या घालताना दिसतात. त्या फुलावर कमी आणि पानावर जास्त उतरतात. पोट वाकवून एक अंडं ठेवलं की पुढच्या पानावर. करंजाच्या पालवीवर कॉमन बँडेड ऑलचे सुरवंट असतात. गावाबाहेरचा एखादा करंज कोवळ्या पानांचा चाळण झालेला दिसला तर लोक म्हणतात, रोग पडलाय. रोग कसला, ती पंगत आहे!

आणि पाणी. पूर्णा, केळना, दुधना या आमच्या नद्या उन्हाळ्यात वाळूच्या होतात. वाळूत झिरा काढला की त्याच्या ओल्या कडेला सकाळी आठ-नऊच्या सुमारास फुलपाखरं बसतात, कधी पाच, कधी वीस-पंचवीस. ती नुसती तहान भागवत नसतात. बहुतेक नरच असतात आणि चिखलातून मीठ, क्षार शोषत असतात. हेच क्षार नर मादीला मीलनाच्या वेळी देतो आणि ते पुढे अंड्यांना उपयोगी पडतात. आपण लग्नात आहेर करतो तसंच म्हणा ना. अशा वेळी ती इतकी दंग असतात की पोटावर सरपटत गेलं तर हातभर अंतरावरून फोटो मिळतो. माझ्या वयाला सरपटणं जमत नाही हा भाग वेगळा. मी छोटी चटई आणि उशीचा अभ्रा बरोबर नेतो.

वेळेचं म्हणाल तर सात ते साडेनऊ. फुलपाखराचं अंग आपल्यासारखं आतून तापत नाही, उन्हाने तापतं. सकाळी ती पंख उघडून ऊन खात बसतात, तेव्हा पंखाची वरची बाजू मिळते. दहानंतर ऊन असह्य झालं की पंख मिटून सावलीत. आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही, झटकन हात हलवायचा नाही, एवढं पाळलं की निम्मं काम झालं. बाकी कॅमेरा कोणता, भिंग कोणतं, यावर तासन्‌तास बोलणारे पुष्कळ आहेत. हल्ली तर फोनवरसुद्धा उत्तम फोटो येतात.

आता दुसरी गोष्ट, झाडाची.

आजकाल फुलपाखराचे जे फोटो वाहवा मिळवतात त्यांत मागे सगळं धूसर असतं. मऊ हिरवा पडदा आणि समोर एक झगझगीत फुलपाखरू. फोटो सुंदर असतो, नाही कोण म्हणतो? पण तो जालन्याचा की जपानचा, कळायला मार्ग नाही. कुठलं झाड, कुठली वेळ, तिथे ते काय करत होतं, सगळं पुसून टाकलेलं. माझे एक तरुण स्नेही म्हणतात, "काका, कला म्हणून बघा ना, पंचनामा कशाला?" मान्य. पण ज्या जिल्ह्यात रानच बांधाएवढं उरलंय, तिथे पंचनामाही कुणीतरी केला पाहिजे. शेतकऱ्याला जसा सातबारा, तसं फुलपाखराला त्याचं झाड. ते दिसलं की त्याचा इथला हक्क सिद्ध होतो.

याहून वाईट प्रकारही चालतात. फुलपाखरू डबीत धरून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि गारठून निपचित झालं की हव्या त्या फुलावर मांडायचं. फोटो झकास येतो. पण जे कधी फुलावर जात नाही ते फुलावर बसलेलं दिसतं, म्हणजे चित्रही खोटं आणि जीवही धोक्यात. याला मी छायाचित्रण म्हणायला तयार नाही.

झाडासकट बघायला लागलं की आपलं हे उजाड दिसणारं रान एकदम भरलेलं वाटतं. बाभळीवर बारीकशी निळी फुलपाखरं असतात, त्यांच्या इंग्रजी नावातच आपली बाभूळ आहे, 'बाभूळ ब्लू'. नेपती आणि वाघाटीवर पायोनियर नावाचं पांढरं-काळं फुलपाखरू. चिंचेवर ब्लॅक राजा, डौलदार आणि विलक्षण वेगवान. टेंभुर्णीवर बॅरोनेट, विटकरी रंगाचं, पाचोळ्यातून अचानक उठतं आणि पुन्हा पाचोळ्यात नाहीसं होतं. रुईवर प्लेन टायगर. यातलं एकही झाड कुणी हौसेने लावत नाही. रुई, नेपती, बोर, बाभूळ ही सगळी बांधावरची, 'अडचण' म्हणून काढली जाणारी मंडळी.

महाराष्ट्राने 2015 साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं आपलं राज्य देशात पहिलं. आनंदच आहे. पण ते मोठं, मखमली काळं-निळं फुलपाखरू मुख्यतः ओल्या, दाट झाडीतलं. मराठवाड्यातल्या मुलाने ते पुस्तकात पाहायचं आणि त्याच्या बांधावरचं बाभूळ ब्लू मात्र त्याला कुणी दाखवायचं नाही, असं होऊ नये. 2020 पासून दर सप्टेंबरात देशभर फुलपाखरांचा महिना साजरा होतो, लोक भरभरून फोटो काढतात. फार चांगली गोष्ट. पण मग एप्रिल-मेच्या नोंदी कोण करणार? 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर 2010 पासून सामान्य माणसांचे फोटोही तारीख आणि ठिकाणासह जमा होतात, अभ्यासक ते वापरतात. आपल्यासारख्यांच्या एका साध्या फोटोला तिथे किंमत आहे.

एवढं सगळं बोललो की शेतकरी मित्र हसतात. "सर, तुमचं फुलपाखरू आमची मोसंबी खातं त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. जालन्याची मोसंबी नावाजलेली, आणि लिंबावरच्या फुलपाखराचा सुरवंट मोसंबीची पानं खातो हेही खरं. लहानपणी तो पाखराच्या विष्ठेसारखा दिसतो, मोठा झाला की हिरवागार, आणि डिवचला तर डोक्यामागून वास मारणारं नारिंगी शिंग बाहेर काढतो. रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीत तो खरोखर नुकसान करतो, तिथे हाताने वेचून काढलाच पाहिजे. मोठ्या झाडाला मात्र त्याचं फारसं काही वाटत नाही. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागांमागून बागा वाळल्या, लोकांनी डोळ्यांत पाणी आणून झाडं तोडली. ती सुरवंटाने नव्हे, पाण्यावाचून गेली. शत्रू कोण हे ओळखताना आपली नजर लहान जिवावरच आधी का जाते, कोण जाणे!

खरं भय वेगळंच आहे. मे महिन्यात मशागतीच्या आधी बांध पेटवायची पद्धत आहे. काडी लावली की तासाभरात बांध साफ. काटे जातात, पाचोळा जातो. आणि त्या पाचोळ्यात निमूट पडलेली ती वाळक्या पानासारखी फुलपाखरंही जातात, झुडपांना लटकलेले कोषही जातात. गंमत पाहा, जो पोशाख त्यांना पाखरांपासून वाचवतो त्याचा आगीपुढे काही उपयोग नाही. पाऊस पडल्यावर गवत उगवेल, पण पावसाची पहिली पिढी ज्यांच्यापासून यायची ती उरली पाहिजेत ना! त्यात आता जेसीबीने बांध कोरून सपाट करायची चढाओढ. वाटणीत जमिनी लहान झाल्या, एकेक वीत मोलाची, हे मला कळतं. तीन एकरवाल्याला फुलपाखरासाठी जमीन सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून मागणं अगदी लहान आहे. बांधाचा एक कोपरा, जिथे एखादी बोर किंवा रुई आहे, तेवढा पहिला पाऊस पडेपर्यंत पेटवू नका. शाळांनी उन्हाळी सुटीत मुलांना वही भरायला देण्याऐवजी एक झाड द्यावं. घराजवळचं बहावा, करंज, कडुलिंब, काहीही. घरातल्या कुणाचा फोन घेऊन रोज सकाळी त्या झाडाचा एक फोटो काढायचा आणि खाली तारीख, वेळ, काय दिसलं ते दोन ओळी मराठीत लिहायचं. काही दिसलं नाही तर 'काही दिसलं नाही' असं लिहायचं, तीही नोंदच. महिन्याभरात मुलाला झाड कळेल, सुरवंट कळेल, शुद्धलेखनही थोडं सुधारेल.

आणि ज्यांच्याकडे चांगले कॅमेरे आहेत त्यांना एवढंच सांगणं, दहा फोटो धूसर पडद्याचे काढा, हौस भागवा. अकरावा मात्र दोन पावलं मागे सरून काढा. पान दिसू द्या, फांदी दिसू द्या, मागचा जळका बांध दिसला तर तोही दिसू द्या. उद्या कुणी विचारलं की जालन्यात रान होतं का, तर उत्तर द्यायला तो अकरावा फोटोच कामाला येईल.