पिवळ्या दिव्याचं ऐका

गाळपाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. वजनकाट्यापर्यंत पोचायला कधी कधी अख्खी रात्र जाते. रांग थोडी थोडी सरकत असते, म्हणून इंजिन कुणी बंद करत नाही. अलीकडे याच रांगेत नव्या, मोठ्या ट्रॅक्टरच्या मीटरवर पिवळा दिवा लागलेला दिसतो. त्याकडे दुर्लक्ष झालं की लाल दिवा लागतो आणि भरल्या ट्रेलरसकट ट्रॅक्टरचा दम जातो. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘सायलेन्सरमधला तो फिल्टर काढून टाक, कटकट मिटेल.’ हा सल्ला ऐकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे दिवे आले कुठून? १ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम-४’ हे धुराचं मानक लागू झालं. या गटातल्या कमी ताकदीच्या इंजिनांसाठी काजळीची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ०.४ ग्रॅमवरून ०.०२५ ग्रॅमवर आली, म्हणजे थेट सोळाव्या हिश्श्यावर. इतका स्वच्छ धूर जुन्या पंपाच्या इंजिनातून निघणं अवघड. म्हणून कॉमन रेल इंजिन आलं, सेन्सर आले आणि बऱ्याच मॉडेलांत धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर आला.

या फिल्टरच्या सिरॅमिकच्या बारीक भोकांत काजळी अडकते आणि ती अधूनमधून जाळावी लागते. त्याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी फिल्टरमध्ये सुमारे ६०० अंश सेल्सियस उष्णता लागते. नांगर किंवा रोटाव्हेटर ओढताना इंजिनावर भार असतो, धूर तापलेला असतो, त्यामुळे बरंचसं काम आपोआप होतं. रांगेत तासन्‌तास नुसतं चालू ठेवलेलं इंजिन मात्र काजळी साठवतं आणि ती जाळण्याइतकं तापत नाही. पिवळा दिवा हेच सांगत असतो.

तो लागला की रिजनरेशन टाळू नका. चालू कामातच भार देऊन इंजिन योग्य आरपीएमवर ठेवा. उभ्या जागी रिजनरेशन करायचं असेल, तर कंपनीच्या पुस्तिकेतल्या पद्धतीनं करा आणि साधारण अर्धा तास मध्येच बंद करू नका. जागा मात्र मोकळी निवडा. पाचटावर, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा गोठ्याजवळ हे कधीही करू नका. सायलेन्सरमधून निघणारी झळ आग लावू शकते. ऑइलही पुस्तिकेत लिहिलेलंच घाला. काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती फिल्टरमध्येच साचते.

काही मोठ्या यंत्रांत डीईएफ या धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. आपल्या घरात युरियाची गोणी असतेच, त्यामुळे ‘घरीच कालवू’ हा मोह साहजिक आहे. पण २०१५ पासून शेतीचा युरिया निमतेलाचा थर देऊनच येतो. त्यातलं तेल आणि अशुद्ध घटक, शिवाय बोअरच्या पाण्यातले क्षार, इंजेक्टर आणि महागडा कॅटॅलिस्ट निकामी करतात. अनुदानाचा युरिया असा वापरणं कायद्यातही बसत नाही. डीईएफचा सीलबंद कॅनच घ्या आणि तो सावलीत ठेवा.

फिल्टर काढला तर? दिवा विझतो, वॉरंटी जाते आणि ती काजळी पुन्हा ड्रायव्हरच्या छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणारा असल्याचं जाहीर केलं. हा धूर आधी ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला लागतो, मग मागच्या गाडीवाल्याला, आणि यार्डात लेकराबाळांसह मुक्काम करणाऱ्या तोडणी कामगारांना.

तरीही शेतकऱ्याचा राग मला समजतो. पाऊस उघडून वाफसा आला की पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. त्यात ट्रॅक्टर अडला, तर बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र फक्त शोरूमच्या माणसाकडे असतं आणि तो तालुक्याहून येईपर्यंत वाफसा निघून जातो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं शेतीयंत्रांच्या दुरुस्तीसाठी लागणारी साधनं आणि माहिती मालकाला व स्वतंत्र मेकॅनिकला देणं कायद्यानं बंधनकारक केलं. तो कायदा १ जानेवारी २०२४ पासून अमलात आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या यादीत शेतीची अवजारंही आहेत. आता या हक्काला कायद्याचं बळ मिळालं पाहिजे.

तोवर डिलिव्हरी घेताना तीन गोष्टी ठामपणे मागा: मराठीतली पुस्तिका, प्रत्येक दिव्याचा अर्थ आणि रिजनरेशनचं प्रत्यक्ष प्रात्यक्षिक, तेही ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या समोर. लाखो रुपये मोजून ट्रॅक्टर घेणाऱ्याला तो समजून घेण्याचा पूर्ण हक्क आहे. चावी हातात घेण्याआधी तो बजावा.